सुमनची मूठ

सुमनला जाऊन सहा आठवडे झाले. येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मला ते पटत नाही. तिला सुटायचं नव्हतं, खरं काय ते सगळ्यांना कळायला हवं होतं. म्हणून चौथी शिकलेला मी लिहायला बसलोय.

मी हमाल. पंचवटीच्या बाजारात जन्मभर पोती उचलली. आणि बायको अशी, की भरला हंडा घेऊन दहा पावलं चालली की थांबायची. जरा टेकली की मग मात्र नीट चालायची. त्यामुळेच वहिनी म्हणायच्या, "आळस, दुसरं काय!" मीही म्हणायचो. तोंडावर... खोटं कशाला लिहू?

सन ऐंशीच्या आसपास दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. घराण्यात चालत येणाऱ्या स्नायूंच्या आजारांवर त्या संशोधन करत. स्नायू ताकद कुठून आणतात, कशी खर्चतात, ते मोजत. त्यांनी विचारलं, "माहेरी कुणाला असा त्रास?" सुमन म्हणाली, "भावाला. हरसूलला सगळे त्याला कामचोर म्हणतात."

फरक दिसावा म्हणून बाईंनी मलाही बसवलं. दंडाला पट्टा आवळला, हातात रबरी चेंडू. दाबत राहायचं, मग रक्त काढायचं. माझं झालं. सुमनची बोटं मात्र मिनिटभरात वळली. बाईंनी पट्टा लगेच सोडला, तरी मूठ उघडेना. "नाटक पुरे," म्हणत मी बोटं सोडवायला गेलो. क्विंटलचं पोतं उचलणारा मी... एक बोट हललं नाही.

"करा की आता जोर!" घामानं भिजलेली सुमन म्हणाली. मग बाईंना, "दुसरा हात हवा तर घ्या. पण काय ते लिहून द्या."

रक्त तपासून बाईंनी सांगितलं, "सुमनताई, तुमच्या स्नायूंत साखर साठलेली आहे, पण ती वापरताच येत नाही. जन्मापासून. औषध नाही. थांबत थांबत चाला."

"ते मी करतेच की!" सुमन हसली.

घरी येऊन म्हणाली, "आता जाऊबाईंना तुम्ही सांगा." सांगतो म्हणालो. वर्षं गेली, जीभ उचलली नाही...

दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "चांगली होती, कामाला तेवढी मंद."

भरल्या घरात मी उठलो. "वहिनी, ती आळशी नव्हती. आजार होता. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

तिचा भाऊ तेवढा जवळ आला. "दाजी, हे आमच्या गावात येऊन सांगाल?"

सोमवारची गाडी धरणार आहे. हरसूलच्या फाट्यापासून चढ आहे. न्यायला आलेला तिचा भाऊ मध्येच थांबेल. मीही थांबेन.