सुलभामावशींची खिरापत

सुलभामावशी कधी रिकाम्या हातानं आल्या नाहीत, आणि आणलेलं कधी सरळ हातात दिलं नाही. बदलापूरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात एक ठेंगण्या बाई, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. नाव नाही, गाव नाही. डबा माझ्या कानाशी नेऊन त्यांनी खळखळ वाजवला. "ओळख. ओळखलंस तर सगळा तुझा, नाही ओळखलंस तर अर्धा." मी म्हटलं चिवडा. निघाल्या भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. मी हरल्याचा त्यांना इतका आनंद झाला की सगळा डबाच ठेवून गेल्या.

ही सवय भोंडल्यातली. मावशींचे यजमान जांभूळ गावच्या पाणीपुरवठा केंद्रात नोकरीला होते. तिथल्या क्वार्टर्समध्ये मावशींनी भोंडला सुरू केला आणि पुढे तो इथे, दुसऱ्या मजल्यावर आणला. नवरात्रातल्या एका संध्याकाळी त्यांचा सोफा लिफ्टपाशी जायचा आणि हॉलच्या मधोमध पाट यायचा. पाटावर तांदळाच्या पिठानं काढलेला हत्ती. तो दरवर्षी म्हशीच्या वळणावर जायचा. कुणी हसलं तर मावशी म्हणत, "सोंड आहे ना? मग हत्तीच." पाटाभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. भोंडला खरा मुलीबाळींचा, पण मावशींनी पुरुषांनाही सोडलं नाही. "घरातला कार्यक्रम आहे, घरातल्या सगळ्यांनी यायचं. गुडघे दुखत असतील तर बसून टाळ्या वाजवा. मोबाईल दिसला की खिरापत बंद!" पहिल्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ नातवाचा हात धरून गोल फिरत आणि पाऊल चुकलं की नातवावर ढकलत. मावशींची खिरापत मात्र आजवर कुणालाही ओळखता आली नव्हती. याचा त्यांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

त्यांच्या मुलानं, निखिलनं, उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या कंचनशी लग्न केलं. मुलगी सिंधी घरातली. तिच्या आईला हे लग्न मंजूर नव्हतं. त्या लग्नाला आल्या नाहीत आणि नंतर या घराचा उंबराही चढल्या नाहीत. कंचन हसतमुख, पण सणाच्या दिवशी बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दाराशी धावायची आणि परतताना तिची चाल मंदावलेली असायची. मावशींच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"यंदा तिची आई भोंडल्याला येणार," एक दिवस त्यांनी मला सांगून टाकलं.

"बोलावलंत?"

"बोलवायचंय. चल, पदर खोच."

कंचनच्या आईचं फॉल, लेस आणि बटणांचं छोटंसं दुकान होतं; आम्ही थेट तिथेच गेलो. "मैं झगडा मिटाने नहीं आयी," मावशींनी आपल्या ठेवणीतल्या हिंदीत सुरुवात केली, "भोंडले का बुलावा देने आयी. बच्चे लोग आते हैं, तुम भी आओ." त्या बाई लेस गुंडाळत राहिल्या. पण जेवणाची वेळ होती, आणि दारी आलेल्या माणसाला तसंच पाठवणं त्यांनाही जमेना. त्यांनी आपल्या डब्यातला गोड भात, त्यांच्याकडची ताहिरी, आमच्यापुढे सरकवला. मावशींनी घास घेतला, डोळे मिटले. "ह्यात बडीशेप आहे ना हो?"

"सौंफ, इलायची, गुड," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "पानी नाप के डालना."

येणार का, तर उत्तर "देखेंगे". परतताना मावशी खुशीत होत्या. "येते ती. नाही म्हणाली का? नाही ना?"

आणि खरंच त्या आल्या. खुर्चीच्या अगदी टोकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या. कंचनच्या अंगात उत्साह मावेना. भोंडल्याची गाणी म्हणजे सासरच्या मंडळींची यथेच्छ धुलाई, हे आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात राहिलं नाही. आईला दाखवायचं म्हणून कंचन सगळ्यांत वरच्या पट्टीत गाऊ लागली: सासू कशी छळते, माहेरी कशी जाऊ देत नाही. दुकानात बसून मराठी पक्की झालेल्या तिच्या आईला शब्दन् शब्द कळत होता. त्या ताडकन उठल्या. "मेरी बेटी को इतनी तकलीफ, और तुम लोग टाळ्या वाजवताय? कंचन, चप्पल पहन!"

फेर थांबला. कंचनचा चेहरा पांढराफटक पडला.

मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "विहीणबाई, ही गाणी माझ्यावरच आहेत. मी माझ्या सासूवर म्हटली, आता ही माझ्यावर म्हणते. जी सून गप्प बसते ना, तिची काळजी करायची. तुमची तर बघा कशी खणखणीत गाते!"

त्यांनी ऐकलं, पण पाऊल दाराकडेच होतं. एक चप्पल पायात गेलीसुद्धा. तेवढ्यात मावशी डबा घेऊन आल्या. "खिरापत ओळखल्याशिवाय कुणी जायचं नाही, हा नियम आहे." डबा हलवला, आवाज नाही. कुणी शिरा म्हटलं, कुणी खोबऱ्याची वडी. कंचनला दुपारभर फुलं आणायला पिटाळलेलं, तिलाही पत्ता नाही. डबा फिरत फिरत दारापाशी आला आणि मावशींनी झाकण किंचित सरकवलं.

कंचनच्या आईनं वास घेतला. मग म्हणाल्या, "ताहिरी." आणि लगेच, "सौंफ कम है."

"हरले!" मावशी आनंदानं ओरडल्या. "पहिल्यांदा हरले! आता आत या आणि मला नीट शिकवा."

त्यांनी पायातली चप्पल काढली. कंचन आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मी काही कमी रडले नाही.

बडीशेप मुद्दाम कमी घातली होती का, असं मी मावशींना नंतर विचारलं. "मी काय येडी आहे का?" त्या फणकारल्या. "घरातली संपली होती."

या उन्हाळ्यात मावशी गेल्या. भोंडला होणार की नाही, हे कंचनला विचारायचं धाडस मला होईना. नवरात्रात एका संध्याकाळी बेल वाजली. दारात कंचनची आई, हातात मावशींचा तोच डबा. त्यांनी तो माझ्या कानाशी नेऊन हलवला. "पहचान."

आवाज आला नाही. बडीशेपेचा वास तर जिन्यापासूनच दरवळत होता. मी खूप विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "शंकरपाळे?"

"हार गयी!" त्या खुशीनं म्हणाल्या आणि सगळा डबाच माझ्या हातात ठेवला.