सेट बंद, रिपोर्ट ओके

मी मूर्तिजापूरचा, सिग्नल्सचा हवालदार. आफ्रिकेतल्या एका देशात आमची बटालियन शांतिसेनेत होती. सात किलोमीटरवर शेजारी देशांच्या संघटनेची फौज. करार साधा होता. जखमींसाठी हेलिकॉप्टर त्यांचं, ॲम्ब्युलन्स आमची. रोज ०८०० वाजता दोन्ही कॅम्पांचा रेडिओ चेक.

त्यांचा सेट तीन दिवस बोललाच नाही. मी त्यांच्या कॅप्टनला गाठलं. तो हसला.

"बॅटरी येतेय. ओके लिहा."

रिपोर्ट वर जातो, उगाच दोघांचं नाक कापलं जायचं, हा त्याचा हिशेब. आमच्या साहेबांनीही मान डोलावली. मी तीन दिवसांचं ओके लिहून सही केली.

चौथ्या दिवशी ११२० वाजता आमच्या गस्तीवर गोळीबार झाला. बडनेऱ्याच्या लान्स नायक प्रकाशला मांडीत गोळी लागली. गस्तीकडे जाणारा रस्ता बंडखोरांनी अडवलेला, ॲम्ब्युलन्स निरुपयोगी. सेटवर प्रकाशच बोलला.

"साहेब, हेलिकॉप्टर निघालं का?"

"निघून राहिलं. पट्टी दाबून धर."

निघालं नव्हतं. मी वीस मिनिटं त्या कॅम्पला हाका मारल्या, मग तिकडे जीप पिटाळली. पायलट जेवत होता. हेलिकॉप्टर १२३५ला पोचलं. प्रकाश १२१०ला गेला.

चौकशीत 'तांत्रिक अडचण' ठरली. त्या कॅप्टनचं वाटोळं व्हावं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. अकरा दिवसांनी त्यांचा ट्रक सुरुंगावर गेला. आता सेट ठणठणीत होता. कॅप्टन स्वतः बोलत होता.

"तीन जखमी. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

"से अगेन," मी म्हणालो. तो पुन्हा म्हणाला. "से अगेन."

तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला, तेव्हा मी गाडी सोडली. तिघं वाचले. त्या दोन 'से अगेन'चा मला पश्चात्ताप नाही.

रिटायर झाल्यावर बडनेऱ्याला गेलो. प्रकाशच्या आईला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट.

"त्या कॅप्टनले काय झालं?" काकूंनी विचारलं.

"प्रमोशन."

"मंग तू गाडी काहून पाठवली?"

"जखमी पोट्टे होते, काकू. त्यायची काय चूक?"

"अन् माह्या पोराची?"

काकूंनीच पुढे विचारलं.

"तुले काय झालं?"

"शांतिसेनेचं मेडल भेटलं."

काकू उठल्या. कपाटातून एक डबी आणून माझ्या हातात ठेवली.

"प्रकाशचंबी आलं होतं. हेबी घेऊन जाय. सही करनाऱ्याच्याच घरी शोभते."

मी ती आणली. डबीवर लिहिलं आहे: लान्स नायक प्रकाश. माझं मेडल मी पुन्हा छातीवर लावलं नाही.