गहाळ बारा पानं

झेरॉक्सच्या यंत्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कागदाला एक कोमट, किंचित जळका वास असतो, आणि माझ्या तारुण्याचा सगळा पराक्रम त्या वासात साठलेला आहे. सुंदरचे काका अमेरिकेहून तंजावूरला आले होते, तेव्हा त्यांच्या सामानात एका खेळाचं जाडजूड पुस्तक निघालं. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने कागदावर आपला एक वीर मांडायचा, एकाने कथा सांगायची, आणि वीर तगला की पडला ते वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचं. काका परतायचे त्या सकाळी आम्ही ते पुस्तक जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात धावत नेलं. शेवटची बारा पानं उरली असताना वीज गेली, आणि पुस्तक तसंच परत द्यावं लागलं. वीज आली तोवर काकांची गाडी पापनाशम स्टेशनच्या पुढे गेली होती.

पडलेल्या वीराचं पुढे काय, ते नेमकं त्या बारा पानांत होतं. मी, सुंदर, शेषू आणि कथा सांगणारी शेषूची बहीण कमला, असे आम्ही चौघे राजवाड्यामागच्या गल्लीत शेषूच्या ओसरीवर बसलो आणि स्वतःच एक नियम केला. कोणी पडला, तर त्याने मागायच्या आत बाकीच्यांपैकी कोणीतरी आपल्या वीराजवळचं काहीतरी कायमचं सोडायचं. मग पडलेला उठतो. कमलाने तो फुलस्केपवर लिहिला, आमच्या तंजावुरी मराठीत पण तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी तेव्हा आमच्यातल्या कोणालाच धड येत नव्हती. खाली सह्या झाल्या. सुंदरची सही सगळ्यांत मोठी.

फासा मी केला, इथल्या डोलणाऱ्या बाहुल्या करतात त्या कागदाच्या लगद्याचा, आणि तो एका अंगाला जड झाला. सुंदर तर जन्माचा आततायी. त्याचा वीर तीनदा पडला. पहिल्यांदा मी माझी ढाल सोडली, मग डावा हात, आणि तिसऱ्यांदा माझा राखी घोडा, पारवा. कागदावरचा घोडा खोडताना डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मग गावात छपरांवर डिश अँटेना आल्या, कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ आला, आणि संगणकाच्या नोकरीने सुंदरला अमेरिकेला नेलं. तिकडून त्याचं पत्र आलं की त्या खेळाची नवी आवृत्ती निघते आहे, सगळे नियम नव्याने लिहिताहेत, आणि येताना तो ती घेऊन येईल. मी ओरत्तनाडूच्या कचेरीत चिकटलो होतो. दोन वर्षं रोज बसच्या खिडकीतून भाताची खाचरं हिरव्याची पिवळी होताना बघत मी त्या न पाहिलेल्या पुस्तकाची वाट पाहत होतो. त्यात काय असेल, आमचा नियम बरोबर निघेल का, हाच विचार. लाज वाटावी असं वय झालं होतं, पण वाटत नव्हती.

मार्गळी महिन्याच्या थंडीत, दारातल्या रांगोळ्या, आमची कोलमं, दवाने ओली असताना, सुंदर आला. दुपारी त्याच ओसरीवर आम्ही चौघे बसलो. नव्या पुस्तकाला चकचकीत शाईचा उग्र, परका वास होता. कथा या वेळी सुंदरने सांगितली. माझा जुनाच वीर, ढाल नसलेला, एकाच हाताचा, पायी, एका गुहेत शिरला आणि सुंदरच्या काचेसारख्या फाशाने तो पडला.

मी गप्प राहिलो, कारण मागायचं नसतं. शेषूने घड्याळ पाहिलं. कमला पदराशी चाळा करत पुस्तकाकडे बघत राहिली. मी सुंदरकडे पाहिलं. त्याने पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मेला म्हणजे मेला डा. रूल्सांत दुसरें कांहीं नाहीं. आपण इतकीं वर्षें चुकूनच खेळत होतों." आणि हसून म्हणाला, "दुसरा कर की, पांच मिनिटांत होईल."

"मी कापी आणतें," म्हणून कमला कॉफी करायला उठली.

जाताना सुंदरने पुस्तक मलाच भेट दिलं. घरी येऊन मी ती पानं वाचली. त्याचं काही चुकलं नव्हतं. कमलाच्या हातचा तो फुलस्केप मी त्याच पानात ठेवला आहे. कागद मोठा आहे, त्यामुळे पुस्तक मिटलं तरी त्याची पिवळी कड बाहेर दिसते. येता-जाता ती दिसते आणि मी स्वतःला विचारतो, त्या दुपारी माझ्याऐवजी सुंदर पडला असता तर? माझ्या वीराकडे द्यायला एकच हात उरला होता. तो मी दिला असता, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. राग येतो तो याचाच.