समुद्रावर भरलेलं पाणी

"भरून ठेवलेलं बरं!"

हे वाक्य आमच्या गल्लीत दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं, आणि दर वेळी शेजारच्या वहिनींच्याच तोंडून. नळाला पाणी येण्याआधी पाइपातून हवा सुटते, ती त्यांना सगळ्यांच्या आधी कळायची. तोटीला कान लावून त्या वाकून उभ्या राहायच्या, एक हात वर करून आम्हाला गप्प करायच्या आणि मग ओरडायच्या, "आलं! हंडे काढा ओ!"

तुम्ही लातूरचे असाल तर तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. आठ-दहा दिवसांनी नळ येणं आपल्याला नवीन नाही, आणि रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळाही आपण काढलाय. पण वहिनींचं भरणं म्हणजे कहर होता. ड्रम, हंडे, बादल्या झाल्या की पातेली, मग कुकर, मग किटली, आणि शेवटी वाट्या. मी एकदा विचारलं, "वहिनी, वाटीतलं पाणी कुणाला पुरणार?"

"चूळ तर भरता येती का न्हाई?" त्या म्हणाल्या आणि पुढची वाटी नळाखाली धरली.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत क्लार्क होते. नळ नेमका शाळेच्या वेळात यायचा. म्हणून माझ्या घराची एक किल्ली वहिनींकडे असे. बारा वर्षं माझं पाणी त्यांनी भरलं. संध्याकाळी घरी यावं तर ग्लाससुद्धा काठोकाठ भरलेले. माझी जीभ मूळची तिखट. ज्या बाईनं भरलेलं पाणी मी पीत होते, तिचीच नक्कल मी शाळेत करून दाखवायची. त्या वारल्या त्याला आता दीड वर्ष झालं, तेव्हा हे कबूल करायला हरकत नाही.

त्यांचे यजमान लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर होते. त्यांना मी भाऊजी म्हणायची. भाऊजींचा आवाज मोठा आणि गोष्टी सांगायची हौस त्याहून मोठी. एकुलती एक लेक इंजिनिअर होऊन जर्मनीला गेली, तिथंच नांदेडचा एक मुलगा तिला भेटला आणि लग्न झालं. जावयाचा एक मित्र तुर्कस्तानचा. त्याच्याकडे शिडाची बोट होती. भाऊजी निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात लेक-जावयानं ठरवलं की आई-बाबांना आठ दिवस त्या बोटीतून फिरवायचं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून निघायचं, ग्रीसची बेटं बघायची आणि परत यायचं.

गल्लीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. वहिनींनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी शेंगांची चटणी बांधली, कडक भाकरी बांधल्या, लिंबाचं लोणचं बांधलं, आणि वर पाच लिटरचा एक रिकामा कॅन. हैदराबादच्या विमानतळावर भाऊजींनी तो कॅन गुपचूप ठेवून दिला. त्यावरून विमानात चार तास अबोला होता म्हणे.

परत आल्यावर भाऊजींनी ओट्यावर बसून हकीकत सांगितली ती अशी. बोटीत गोड्या पाण्याची एक टाकी असते. बोटवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं की पाणी मोजकं आहे, पुन्हा भरायला चार दिवसांनीच मिळेल. लेकीनं ते आईला मराठीत सांगितलं. आता लातूरच्या बाईला पाणी मोजकं आहे असं सांगितल्यावर ती काय करणार? बाकीचे किनाऱ्यावर जेवायला गेले, तेवढ्यात वहिनींनी बोटीतली झाडून सगळी भांडी भरून ठेवली. पातेली, कप, किटली, बर्फाची पेटी, हात धुवायचं बेसिनसुद्धा.

"चहूकडं पाणी," भाऊजी उभे राहून दोन्ही हात पसरून सांगत होते, "अन् तुमची वहिनी मधोमध बसून किटली भरायली! शीड फुगलं, बोट एका अंगाला कलली, अन् हिचा सगळा साठा माझ्या डोस्क्यावर!"

गल्ली पोट धरून हसली. वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या. मी तर ती गोष्ट उचललीच. शाळेत सांगितली, माहेरी सांगितली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या समोर साभिनय करून दाखवली. त्यावर एक उखाणाही जुळवला होता. तो इथे लिहीत नाही, मला लाज वाटते.

त्याच सुमाराला वहिनींनी माझी किल्ली परत आणून दिली. "मॅडम, तुमचं तुम्ही बगा आता. माझा भरवसा न्हाई." मला राग आला. थट्टा मनाला लावून घेतली, असं मी धरून चालले. पुढं लक्षात आलं की त्या स्वतःचंही पाणी भरत नव्हत्या. नळ आला की भाऊजीच दोन हंडे भरायचे. ड्रम पालथे पडलेले असायचे. एकदा सुट्टीच्या दिवशी, ऐन दुपारी, नळाला चांगलं जोरात पाणी आलं होतं, सगळी गल्ली धावत होती, आणि त्या पायरीवर नुसत्या बसून होत्या. मी जाता जाता म्हटलं, "काय वहिनी, समुद्रातून भरून आणलं, आता लातूरचं नको व्हय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "बसा जरा."

मग त्यांनी सांगितलं. बोटीवर पहिल्याच संध्याकाळी लेकीनं आई-बाबांना गोड बातमी दिली होती. चौथा महिना चालू होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बोट कलली, भांडी आडवी झाली, पाणी खालच्या खोलीभर पसरलं आणि तिथं उतरायच्या पायऱ्यांवरही उडालं. वहिनींना उलट्या होत होत्या. त्या वर कठड्याला धरून बसल्या होत्या.

"ती म्हणली, आई, तुला लिंबू आणते. अन् गेली खाली. पायरी वली हाय, हे मला ठाव होतं, मॅडम. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर पुन्हा उलटीच आली."

लेक पायरीवरून घसरून पडली. बोट तशीच जवळच्या बेटाकडे वळवली. तिथल्या छोट्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं, पण मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले की या दिवसांत असं होऊ शकतं, पडल्यानंच झालं असं नाही. लेक एका शब्दानं बोलली नाही. जावईही नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. "हे मात्र लई भले. गल्लीत कुणी इचारू नये म्हणून हसायचं तेवढंच सांगत राहिले. मग मीबी हसले."

नळ वाहत होता आणि माझ्या घरातला हंडा कधीच भरून वाहू लागला होता. मी उठले नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी या बाईनं माझी नक्कल बघितली होती, टाळी दिली होती आणि वाण घेऊन घरी गेली होती. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय ठाव होतं?" ते खरंच होतं, पण त्यानं माझं मन काही हलकं झालं नाही.

दीड वर्षानं लेकीला पुन्हा दिवस गेले. बाळंतपणाला आईनं यावं असा तिचा हट्ट. वहिनी ठाम नाही म्हणाल्या. कधी गुडघे दुखतात, कधी थंडी सोसत नाही. भाऊजी समजावून थकले. शेवटी लेकीचा मला फोन आला.

"मावशी, आईला पाठवा. इथं बाई मिळते, पण मला बाई नको, आई पाहिजे."

मी गेले. गोड बोलणं मला जमत नाही. मी सरळ म्हटलं, "वहिनी, तिनं तुमच्यावर राग धरला न्हाई. आता तुम्ही गेला न्हाईत तर तिला वाटंल, तुम्हीच तिच्यावर राग धरला."

त्या हळूच म्हणाल्या, "अन् माझ्या हातानं पुन्हा काय झालं तर?" दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी डिंक आणि अळीव आणायला भाऊजींना बाजारात पाठवलं.

तीन महिन्यांनी त्या परतल्या. नात झाली होती. संध्याकाळी पेढे घेऊन माझ्या दारात आल्या, तर मी नेहमीच्या सवयीनं विचारून बसले, "मग, न्हाऊ तुम्हीच घातलं ना? पायावर घेऊन?"

"न्हाई. तिनंच घातलं. मी पाण्याला हातच लावला न्हाई. टावेल घिऊन कडंला हुबी राहायचे."

आणि पुढं म्हणाल्या, "पैल्या दिवशी ती वलं लेकरू घिऊन वळली माझ्याकडं. अंगाला तेल, साबण, कसलं सुळसुळीत! मी म्हणलं, थांब गं, फरशी वली हाय, तूच ठिव खाली. ऐकलंच न्हाई तिनं. म्हणली, आई, धर. अन् दोन्ही हात काढून घेतले की ओ."

"मग?"

"मग काय? धरलं."

कसं धरलं ते दाखवायला त्यांनी हात पुढे केले आणि कोपरात वाकवून छातीशी घेतले. पेढ्यांचा पुडा मी कधीच घेऊन बाजूला ठेवला होता. बोलणं संपलं, दिवे लागले, भाऊजींनी त्यांना आतून हाक मारली, तरी त्या माझ्या दारात तशाच उभ्या होत्या आणि हात त्यांनी खाली घेतले नव्हते.