गारठ्या काही केल्या मरेना

आमच्या डहाणूच्या बर्फाच्या कारखान्यात बर्फ टिकत नाही, किस्से मात्र टिकतात. तेही एकाच माणसाचे. माणूस कसला, व्हिलन! नाव गारठ्या. बोट लावलं की समोरचा जागच्या जागी गोठला, ही त्याची पॉवर. मी कारखान्याचा ऑपरेटर. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मार्करनं त्याची कॉमिक काढायची आणि बर्फ फोडायच्या क्रशरशेजारच्या भिंतीला चिकटवायची, हा माझा उद्योग.

का, तेही सांगून टाकतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा नोकरीला बंगळुरात. मसोलीच्या माझ्या खोलीत कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. सकाळी मासे विकणाऱ्या बायका बर्फ न्यायला यायच्या, टप भरला की चालू लागायच्या. भिंतीवर कॉमिक लागली आणि त्या दहा-पंधरा मिनिटं रेंगाळायला लागल्या. दिवसभरातली माझी बोलण्याची वेळ तेवढीच! गारठ्या मेला की ह्या थांबायच्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि बायकांना काय हवं होतं? गारठ्याला मारायचं!

*

सगळ्यांत पुढे जयाबाय. झाई गावची. टेम्पोतून माल आणून डहाणूच्या बाजारात बसते. आवाज असा की ती बोलताना क्रशर बंद करायची गरज नाही.

"भाऊ, ह्याचा वीक पॉइंट काय?"

"ऊन," मी म्हटलं.

"मग हीरो कशाला पाहिजे? मे महिना येऊ दे की!"

झाली ना पंचाईत! दुसऱ्या दिवशी गारठ्याला भुसा भरलेला गोणपाटाचा कोट चढवला. आम्ही बर्फाच्या लाद्या अशाच झाकतो.

*

मग निघालं मीठ. ह्या बायका मासे खारवणाऱ्या. "आमच्याकडे पोत्यांनी पडलंय. ओत त्याच्या डोक्यावर, वितळेल!"

खरं होतं. पण बर्फाचे डबे आम्ही ज्या टाकीत बुडवतो, तिच्यातही मिठाचंच पाणी असतं. मी लिहून टाकलं, गारठ्या ह्याच टाकीत जन्मला, मीठ त्याला आईच्या दुधासारखं.

जयाबाय वाचून म्हणाली, "भाऊ, तू त्याच्या पार्टीचा दिसतोस."

मी गुपचूप क्रशर चालू केला.

*

तलासरीकडच्या झरीचा रमण मेकॅनिक आमचा कॉम्प्रेसर बघायला येतो. बोलायचे पैसे पडतात असं वागतो. भिंतीकडे बघून एवढंच म्हणाला, "लाईट गेली की मेला."

बायकांनी टाळ्या पिटल्या. अरे, पण आपल्याकडे लाईट किती वेळा जाते! जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा, रोज मेला असता बिचारा! त्याच्या पाठीवर जनरेटर बांधावा लागला.

*

तोवर गारठ्याला शिंगं होती, सुळे होते, ढेरी होती. शिंगं गेली जयाबायमुळे. "बघितलं की मला आमची बकरी आठवते," म्हणाली. ढेरी गेली ती आमच्या गुजराती शेठमुळे.

शेठ कधी भिंतीकडे बघत नाहीत. त्या दिवशी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं. "आ हुं छुं ने?" म्हणजे, हा मीच ना?

मी मार्कर पाठीमागे लपवला. गेली नोकरी!

"पेट थोडुं ओछुं कर," शेठ म्हणाले आणि ऑफिसात गेले.

तेव्हापासून गारठ्या सडपातळ.

*

एकदा मी मन लावून एक पान काढलं. गारठ्यामागे एक कुत्रं लागतं. शेपूट हलवतं, पायाशी बसतं. त्याला कुरवाळायला गारठ्या हात पुढे करतो, आपल्या बोटांकडे बघतो आणि हात खिशात घालतो. बस, एवढंच. काढताना माझेच डोळे भरून आले होते. वाटलं, बायकाही रडतील.

सगळ्यांनी पान दोनदा बघितलं. मग एक म्हणाली, "आज फायटिंग नाही?"

*

पावसाळ्याची मासेमारी बंदी तोंडावर आली. होड्या वर ओढल्या की बायका दोन महिने फिरकायच्या नाहीत.

"त्याच्या आधी मार त्याला," जयाबायनं फर्मान काढलं. "घरी बसून जिवाला घोर नको."

"मारू कसा? ऊन चालत नाही, मीठ चालत नाही, लाईट गेली तर जनरेटर आहे."

ती टप उचलता उचलता थांबली. "त्याला कोणी कधी चहा विचारलाय?"

"नाही."

"मग पाज की गरम. नाही म्हणायचा नाही."

शेवटच्या दिवशी पान लावलं. एक म्हातारी विचारते, चहा घेणार का? पोटात गरम गेलं की आपण संपलो, हे गारठ्याला माहीत असतं. तरी म्हणतो, अर्धा कप. तो पिऊन म्हणतो, अजून अर्धा चालेल. मग नुसता कोट उरतो.

बायका खूश! टप उचलले आणि गेल्या.

*

बंदीत कारखाना बंद. शेठनं मला बर्फाच्या डब्यांचा गंज घासायला ठेवलं होतं. दिवसभर घासायचं, संध्याकाळी मसोलीला जायचं. मुलाला फोन केला तर मीटिंगमध्ये. अजिबात करमेना. कशाला मारलं त्याला, असं शंभरदा वाटलं.

एका दुपारी गेट वाजलं. बघतो तर जयाबाय, झाईहून एसटीनं आलेली. मागे गावातल्या चौघी. प्रत्येकीच्या हातात डबा.

"बर्फ नाही गं, मशीन बंद आहे."

"बर्फ कोणाला पाहिजे? आज बारावा दिवस ना!"

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? गारठ्याचा! बोटावर मोजलेत मी."

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण एकीनं गारठ्याचं एक पान भिंतीवरून उतरवून खुर्चीत ठेवलं. दुसरीनं पिशवीतून झेंडूचा हार काढला. जमीन पुसून पत्रावळ्या मांडल्या. भात, वरण, वडे, खीर. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा.

जयाबाय ओरडली, "उभा काय राहिलास? बस! पहिलं पान घरच्या माणसाचं."