एका वेळी काय काय चालेल

सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा इन्व्हर्टर तीन किलोवॉटचा घ्यायचा की पाचचा, यावर घरात आठवडाभर खल चालला होता. शेवटी एका रविवारी बसवणारा माणूसच आला. त्यानं एवढंच विचारलं, "लाइट जाय तो बॅटरी पर एक साथे शुं शुं चलावशो?"

सासरे आपल्या अहिराणीत बोटांवर मोजू लागले. "पंखा शे, फ्रिज शे, पानीनी मोटर शे..." नवऱ्यानं त्यात एसी घातला. एसी आमच्याकडे नाही. मुलाचं लग्न झालं की वरच्या खोलीत लावायचाय, आणि मुलगा अजून कॉलेजात आहे. तरी त्या एसीला सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पारडं पाचकडे झुकलं.

मी दाराशी बसून कारखान्यातून घरी आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत होते. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हापासून हेच करतेय. पिको-फॉलचं काम मात्र शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे जातं, कारण तिच्याकडे मोटरचं मशीन आहे. तसं मशीन मला कधीपासून हवं होतं. पण आधी घर, मग मुलाची फी, मग सासूबाईंचं आजारपण. माझं मशीन आपलं रांगेत शेवटी.

"पिकोचं मशीनपण धरा," मी म्हणाले.

"मशीन कुठंय आपल्याकडे?" नवरा म्हणाला.

असं डोकं फिरलं माझं! "मग एसी कुठंय?" मी विचारलं.

बसवणाऱ्याला हसू आलं. "बेन, एनी मोटर तो नानी. तीनमां पण आवी जशे."

म्हणजे मोटर छोटीशी, तीन किलोवॉटमध्येही बसणारी; माझ्या मशीनसाठी काहीही मोठं घ्यायला नको होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण रडूच फुटायच्या बेताला आलं. एवढीशी गोष्ट, आणि ती या घराला झेपायची नाही असं मी धरून बसले होते.

लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे सासऱ्यांना कमी ऐकू येतं. "काय म्हनस ती?" त्यांनी विचारलं. नवरा त्यांच्या कानाशी वाकला. सासऱ्यांपुढं मी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. पण नवऱ्याच्या तोंडून शब्द निघण्याआधी मी कात्री खाली ठेवली आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माले मशीन जोयजे, बाबा!"