ताईची खुर्ची आणि ग्रीसची चिठ्ठी

माझी मोठी बहीण चालू शकत नाही. तिची दिव्यांग पेन्शन खात्यात यायची, पण बाबा त्या पैशांना हात लावत नसत. नव्या व्हीलचेअरसाठी ते साठवत होते. त्यामुळे ताईला लागणारे डायपर जपून वापरायचे, आणि ती घराबाहेर पडणं टाळायची. त्या वर्षी स्मृती नगरातल्या मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला मात्र तिला जायचंच होतं.

घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून सरकारी कागद माझ्याकडे. समाजकल्याणच्या ऑफिसात विचारून आलो. खुर्ची उपकरणांच्या योजनेतून मिळते, तिचा अर्ज वेगळा. पेन्शन रोजच्या गरजांसाठी असते. बाबांना पटेना.

"सरकार दोनदा कावून देईन? एक घेतलं का दुसरं बंद."

बाबांची सारी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिठ्ठी बघून सामान देण्यात गेली होती. मी विचारलं, "बाबा, मशीन अन् ग्रीस तुम्ही एकाच चिठ्ठीवर देत होते का?"

"येडा आहे का? मशीनची चिठ्ठी वेगळी, ग्रीसची वेगळी."

"मंग ताईची खुर्ची मशीन, डायपर ग्रीस."

बाबा विचारात पडले. ताई म्हणाली, "वा भाऊ, मले कारखानाच करून टाकलं."

दुसऱ्याच दिवशी बाबांनी खुर्चीचा अर्ज भरायला लावला आणि पेन्शनमधून महिन्याचं सामान आणलं. सवयीप्रमाणे कपाटाला दिल्या-घेतल्याच्या नोंदीची एक वहीही टांगली.

हळदीकुंकवाच्या दुपारी ताई म्हणाली, "स्टोअरबाबू, आज दोन डायपर जास्तीचे द्या. मले यायला उशीर होईन."

बाबांनी वहीत नोंद केली आणि तिची सही घेतली.